बायांना भंडारा नव्हता

मालक ओट्यावर बसले होते. माझा भाऊ पायरीखाली, चपलांशेजारी. मी पहिली शिफ्ट संपवून थेट आलेली, अंगात कंपनीचा गणवेश. मालकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सही मागनं कर. आधी अंगण झाडून घे. तुझी आय असती तर सांगावं लागलं नसतं."

मी झाडलं. लाज वाटते सांगायला, पण झाडलं. आम्ही त्यांची कुळं. आठ घरं. कसायचं आम्ही, जमीन त्यांची, आणि अंगण आमच्या बायांनी झाडायचं. आता महाळुंग्याजवळचं ते रान त्यांना गोदामासाठी विकायचं होतं. त्यासाठी कूळहक्क सोडल्याच्या कागदावर आमच्या सह्या हव्या होत्या.

आदल्या वर्षी आठही घरांतले पुरुष भैरोबाच्या देवळात गुपचूप जमले. बेलभंडारा उचलला. मरू, पण सही करणार नाही. बाया बाहेर, कोण येतंय ते बघायला. मीही भंडाऱ्याला हात पुढे केला, तर भाऊ म्हणाला, "तुमच्या सह्या कोण इचारतंय?"

मग एकेक घर फुटलं. कुणाचा पोरगा कंपनीच्या गेटवर चिकटला, कुणाला पाण्याच्या टँकरचं काम मिळालं. शेवटी माझा भाऊ. राग येतो, आणि कीवही येते. देवाची भीड मालकापुढं टिकली नाही.

आई-वडील गेल्यावर वारस आम्ही दोघंच. उताऱ्यावर माझंही नाव. म्हणून मला बोलावणं. झाडू ठेवला तसा भावानं पेन पुढं केला. मी विचारलं, भंडारा उचलला होतास ना? त्यानं पेन माझ्या हातात कोंबला.

मालक हसले. "त्यानं उचलला. हिनं कुठं उचललाय? हिला पाप लागायचं न्हाई."

म्हणजे देवळातलं सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. बाया बाहेर होत्या, हेसुद्धा.

"मी न्हाई करणार सही," मी म्हणाले. पेन ओट्यावर ठेवला आणि फाटकाबाहेर पडले.

जमीन वाचणार नाही, मला कळतं. तिथं गोदामाच्या भरावाचा मुरूम पडलाय. भाऊ बोलत नाही, वस्तीतल्या बाया मला बघून दार लोटतात. कोर्टात गेले तरी माझ्यामागं कुणी उभं राहणार नाही. माझं नाव खोडायचं तर त्यांनी खोडावं. माझ्या हातानं ते खोडलं जाणार नाही.