सगळ्या गावाचं एकच उत्तर

"मॅडम, हे फॉर्म घरी बसून भरलेत," बाहेरून आलेले तज्ज्ञ सर म्हणाले आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. साठ फॉर्म, चोवीस प्रश्न, आणि प्रत्येक फॉर्मवर अगदी तीच उत्तरं. अक्षरही तीन-चार जणांचंच. खाली सह्या आणि अंगठे मात्र साठ.

ही आमची सल्लागार समिती. पीएचडी करणाऱ्याचं काम दर सहा महिन्यांनी तपासते. काम बनावट वाटलं, तर रजिस्ट्रेशन रद्द करा असं कळवू शकते. गोंदियात मी राज्यशास्त्र शिकवते आणि कल्पनाची गाईड आहे. कल्पना पस्तिशीची, दोन लेकरांची आई, कॉलेजात तासावर शिकवणारी. पीएचडी गेली की कायम नोकरीची आशाही गेली. तिचा विषय होता गावतलावाचं पाणी आणि गावातलं राजकारण; हे फॉर्म तिनं त्यासाठी एका गावातून भरून आणले होते. रिपोर्टात तिनं खुशाल लिहिलं होतं, 'गावात संपूर्ण एकमत आढळले.' आता काय बोलणार कप्पाळ!

समितीनं खुलाशासाठी पंधरा दिवस दिले. स्टाफरूममध्ये मी दार लोटून तिला विचारलं, "खरं सांग, तूच भरलेस ना?"

तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. म्हणाली, "गावात चला मॅडम. तिथंच विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सालेकसा, पुढे ऑटो. वाटेत तिनं सांगितलं की कॉलेजच्या तासांमुळे घरोघरी फिरायला वेळ नव्हता. म्हणून तिनं गठ्ठा गंगारामकाकांकडे ठेवला आणि दोन दिवसांनी भरलेला उचलला. गंगारामकाका म्हणजे तलावाचं पाणी कधी आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सोडायचं ते बघणारा माणूस. मी कपाळावर हात मारला. मुलाखत एकेकट्याची घ्यायची असते, हे पहिल्या वर्षीच शिकवलं होतं तिला.

काका पारावर भेटले. सगळ्यांची उत्तरं सारखी कशी, असं मी विचारलं. त्यांनाच माझी कीव आली.

"आमी बसून ठरवलो ना जी. पोरगी परीक्षा देऊन राहिली. एकानं एक लिहिलं न दुसऱ्यानं दुसरं, त नापास नाही होनार का ते?"

सबंध दुपार समाजमंदिरात बैठक चालली होती म्हणे. एकेका प्रश्नावर भांडणं झाली, चहा झाला, मग एक उत्तर ठरलं. लिहिता येणाऱ्या चौघांनी सगळ्यांचे फॉर्म भरले. इथं तलावाचं पाणीही असंच सुटतं. आत वाट्टेल तेवढं भांडा, बाहेर मात्र गावाचं बोलणं एकच. मला हसू आवरेना. हसता हसता या माणसांचा इतका लोभ वाटला की काय सांगू. कल्पनाकडे बघायची मात्र हिंमत होईना.

फॉर्म बाजूला ठेवून आम्ही घरोघरी निघालो. तलावाचं पाणी सगळ्यांना सारखं मिळतं का, हा सातवा प्रश्न. साठही फॉर्मवर 'होय'. गावाच्या टोकाला एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. तिला विचारलं.

"कुठचं सारकं, माय? आमची बांधी शेवटाले. पानी येयेपर्यंत धान सुकून जाते."

"मग बैठकीत होय का म्हणालात?"

"तिथं नाही कायले म्हनू? उद्या पानी त तेच सोडनार हायेत."

कल्पनाचं पेन वहीवर थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही कळलं, की सहा महिने शोधत होतो ते राजकारण हेच.

पुढचे दहा दिवस ती सुट्टी टाकून एकटीच फिरली. म्हातारीचं नाव कुठंही येणार नाही अशी सोय केली. समितीपुढे दोन्ही गठ्ठे ठेवले, बैठकीतला आणि घरोघरचा. घरोघरच्या गठ्ठ्यात सातव्या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त 'नाही' होते. तज्ज्ञ सर बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "पहिले फॉर्म फाडू नका. दोन्हींतला फरक, हाच तुमचा मुख्य चॅप्टर." रजिस्ट्रेशन वाचलं.

व्हरांड्यात मी तिची माफी मागितली. माफी मागायची सवय नाही मला, शब्द अडखळले. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तुम्ही निदान विचारलं तरी. अन् विचारून गाडीतही बसलात."

आता नव्या विद्यार्थ्यांना सांगते, फॉर्मचा गठ्ठा गावात ठेवून येऊ नका, एकेकाला घरी जाऊन विचारा. गाईड लोकांना सांगायचं एवढंच, की शंका आली तर आधी गावाची गाडी पकडावी, पोरीला नंतर विचारावं. मी उलट केलं होतं.