पोरगी काय पाहते, ते लाइनवालीला दिसतं का?

परवा मंगळवारी देवरीच्या आमच्या दुकानात एक गंमत झाली. म्हणजे सुरुवात गमतीची होती... नंतर तसं राहिलं नाही.

आमचं घरोघरी इंटरनेट पुरवायचं काम. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी कूलरसमोर बसले होते, तेवढ्यात पल्लवी आली. माझ्या लहानपणच्या मैत्रिणीची, सुनंदाची लेक. बारावीत आहे. रिचार्जचं विचारून झालं तरी पोरगी काही हलेना.

मग हळूच म्हणाली, "मावशी, प्रायव्हेट विंडोत पाह्यलं तं आईले दिसत नाही ना? अन् तुमाले?"

आता आली का पंचाईत... पण खोटं बोलणं मला जमत नाही. सांगितलं, बाई, ती विंडो फक्त तुझ्या फोनपुरती. बंद केली की फोन विसरतो, म्हणून आईनं फोन चाळला तरी काही सापडत नाही. पण लाइन जाते आमच्याकडूनच. कुठल्या साइटच्या दाराशी गेलीस एवढं आमच्या बाजूनं कळू शकतं, आत जाऊन काय वाचलंस ते सहसा नाही.

पोरीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अगं, कळू शकतं म्हणजे आम्ही बघत बसतो असं नाही. पोलीस कागद घेऊन आले तर गोष्ट वेगळी, एरवी आम्हाला तेवढा वेळ कुठे आहे! तिला ते पटलं की नाही देव जाणे. "बरं" म्हणाली आणि गेली.

ती गेली आणि मला बाबांचं दुकान आठवलं... जागा हीच. तेव्हा इथे एसटीडी बूथ होता. काचेची केबिन, लाल आकड्यांचं मीटर, आणि रायपूरच्या गाडीतून उतरून धावत येणारी माणसं.

त्या केबिनचं दार कधी नीट लागलंच नाही. आत कोणी नंबर फिरवला की बाबा लगेच रेडिओचा आवाज वाढवायचे. शेतीचे कार्यक्रमसुद्धा इतक्या जोरात लागायचे की शेजारचा टेलर वैतागायचा. मला वाटायचं, आपल्या बाबांना धानावरच्या किडीची भारीच आवड आहे... खरं कारण कळायला मला मोठं व्हावं लागलं. फार आठवण आली त्या दिवसांची.

आणि संध्याकाळी सुनंदा स्वतःच दुकानात हजर.

तिचं गाऱ्हाणं एकच. पोरगी दार लावून फोन घेऊन बसते आणि फोन उघडून पाहावा तर कोरा. नक्की कोणीतरी पोरगा असणार. नवराबायकोचं जवळपास ठरलंही होतं की परीक्षा झाली की शिक्षण पुरे, स्थळ पाहायचं. फक्त खात्री करून घ्यायची होती... "तुयाकडे तं सगळं येते. काढून दे मले."

माझा पाराच चढला. पण रागावण्याऐवजी तोंडातून वेगळंच निघालं. म्हटलं, सुनंदा, तुझ्या बाबांनीपण माझ्या बाबांना हेच विचारलं होतं. तुझ्याबद्दल.

तिला हे ठाऊकच नव्हतं.

मी तिच्याहून थोडी लहान, तेव्हा शाळेत होते, बूथच्या बाकावर अभ्यास करत बसायचे. बारावीच्या वर्षी सुनंदा दर आठवड्याला फोन करायला यायची. एक दिवस तिचे वडील आले. शाळेत शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. माझी पोरगी कोणाला फोन करते, मीटरवर नंबर उमटत असेल, तो द्या म्हणाले.

बाबा म्हणाले, "नंबर येते गुरुजी, पण मी पाहत नाही. पोरगी तुमची आहे. तिलेच विचारा ना."

सुनंदा खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "बाबानं मले कधीच नाही विचारलं. त्याच उन्हाळ्यात लग्न लावून देल्लं."

मलासुद्धा इतकी वर्षं वाटत होतं की तिकडे कोणीतरी असेल...

"गोंदियाच्या मामीले लावत होती मी फोन," ती म्हणाली. "नर्सिंगले जायचं होतं. मामी म्हणे, इकडं राहा अन् शिक. पक्कं झाल्यावर बाबाले सांगीन म्हणत होती." आणि मग अगदी हळू... "विचारलं असतं तं सांगितलं असतं मी."

गुरुजी वाईट नव्हते हो. पोरीवर जीव होता त्यांचा. पण पोरीला विचारण्यापेक्षा बूथवाल्याला विचारणं त्यांना सोपं वाटलं. आमची लग्नं अशीच झाली, कोण कोणाला काय विचारत होतं तेव्हा!

सुनंदाचे डोळे भरले होते. पदरानं पुसले आणि उठली. लाइनवर काय दिसतं ते तिनं पुन्हा विचारलं नाही.

काल बाजारात भेटली. वांगी निवडत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "विचारलं."

"मग?"

"सांगितलं तिनं. स्थळाचं राहू दे म्हणलं आता." आणि भाजीवालीशी भावावरून भांडायला लागली.

पल्लवी काय पाहत होती, ते मला अजून माहीत नाही. कोणी पोरगा असेल, कुठलं कॉलेज असेल, आणखी काही असेल. खरं सांगू का, विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं... पण गिळून टाकलं. शेवटी मी बाबांची पोरगी.