हातावर गाठ उठली नाही

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी नुकतीच डॉक्टर म्हणून लागले होते. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातला एक फिटर पायाची चिघळलेली जखम घेऊन आला. विष रक्तात भिनलं होतं. हुडहुडी, बडबड, पाय लालबुंद. कुणाला हात लावू देईना. पंख्यावरून, चहावरून, सुईवरून सगळ्यांशी भांडायचा.

मग एका सकाळी ताप एकदम उतरला. भांडणंही थांबली. त्याची बायको हरखली. "आता बरे होऊन राहिले नं हे, डॉक्टरीणबाई?"

मी हो म्हणणारच होते, पण पट्टी सोडली आणि जखमेवर वाकले. जखम तशीच उघडी होती. भोवतीची लाली मात्र गेलेली, सूज ओसरलेली. मी दाबून पाहिलं, तर तो माझ्याकडे बघून नुसता हसला. जिभेवर बुरशीचा दह्यासारखा पांढरा थर चढला होता. बाहेर वैशाखाचं ऊन, आणि त्याचं अंग माठासारखं गार.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आमचे सर, यांनी त्याच्या हातावर क्षयाच्या चाचणीची सुई टोचायला सांगितली. तरुणपणी त्याला क्षय होऊन गेला होता. अशा माणसाचं शरीर ते जुने जंतू ओळखतं, म्हणून हातावर लाल गाठ उठायलाच हवी. मी रोज हात उजेडात धरून बघायची. कातडी सपाट. सुई टोचलीच नसावी इतकी.

"जंतू आहेत तसेच आहेत," सर म्हणाले. "शरीरानंच लढणं सोडलंय. लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. एरवी त्या आपल्याला या लढाईच्याच तडाख्यातून वाचवतात. इथं बहुतेक त्यांनी फारच आवरलंय. नक्की कुणालाच ठाऊक नाही अजून."

"मग त्या आवरणाऱ्या पेशींना थांबवायचं कसं?" मी विचारलं.

सरांनी औषधाची मात्रा वाढवून लिहिली.

पुढे संसर्ग फुप्फुसांत उतरला. खोकला नाही, ताप नाही. एका दुपारी बायको त्याला पाणी पाजत होती. ते ओठांवरून खाली ओघळलं, तेव्हा तिला कळलं.

"ताप नोयता, दुखत नोयतं. मंग गेले काहून?"

"त्यांच्या शरीरानं लढणं थांबवलं, बाई."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे तं जिंदगीत कोनाचंच ऐकले नाई. मंग लढनं सोडाले कोनाचं ऐकले?"

मला त्या दुपारच्या लख्ख उजेडात त्याच्याकडे बघवेना. तिनं पदरानं त्याच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं.