एकशे पंच्याण्णव किलो

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत प्रबुद्धसारखा घाबरट माणूस दुसरा नाही, आणि नेमकी यालाच मोठी मोटारसायकल हवी होती. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, वय बेचाळीस, उंची बेताची. दोन महिने तो वहीत एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे लिहीत होता. फायद्यांत साताऱ्याला गावी जायचा लांबचा रस्ता, दणकट इंजिन, आरामशीर बैठक. तोट्यांत एकच गोष्ट तीनदा लिहिलेली, वजन एकशे पंच्याण्णव किलो. आपल्या गल्लीच्या उतारावर गाडी कलली तर सावरणार कशी? रोज हेच विचारून त्याने माझं डोकं पिकवलं.

"करून बघ ना रे एकदाचं!" मी वैतागून म्हणालो.

रविवारी सकाळी नळ गेल्या गेल्या त्याने दारातल्या भरलेल्या निळ्या ड्रमला मिठी मारली. दोनशे लिटर पाणी, म्हणजे वजन साधारण गाडीएवढंच. ड्रम कलता करून तो सावरता येतो का, हे त्याला बघायचं होतं. ड्रम कलला आणि हातातून सुटला. त्याच्या घरचं दिवसभराचं पाणी माझ्या उंबऱ्यावरून गल्लीत उतरलं. मी शिव्या घालतच बाहेर आलो.

त्याची बायको नीलम दारात उभी होती. ती ओरडली नाही.

"गाडीवर मागे मी बसणार होते ना?" एवढंच तिने विचारलं.

प्रबुद्धने खिशातून पडून भिजलेली वही उचलली आणि दोन्ही बाजू वाचल्या. मागच्या सीटबद्दल त्यात एक ओळही नव्हती.