माठाखालची कडी

देऊळगाव राजाच्या आमच्या वर्कशॉपात पाण्याचा माठ ज्या लोखंडी कडीवर ठेवतात, तिच्यात बोटभर फट आहे. ती फट माझी आहे. काही वर्षांपूर्वी एका डाळ मिलसाठी जाड पत्र्याच्या अशाच गोल कड्या हव्या होत्या, आणि कम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं काम माझं होतं. पट्टी किती लांब कापायची हे काढायला कम्प्युटर कडी उलगडून सपाट करतो, पण पूर्ण मिटलेली कडी त्याला उलगडता येत नाही, म्हणून ड्रॉइंगमध्ये मी तात्पुरती फट ठेवली आणि कापायचं माप देताना ती मिटवायला विसरलो. पत्रा कापणारे-वाकवणारे आमचे म्हातारे फिटर काका म्हणाले होते, "एक कडी आधी कागदाची करून पाहू का?" मी हसलो, "काका, कम्प्युटरले कागद काऊन पाहिजे?" दुपारपर्यंत सगळ्या कड्या वाकवून झाल्या आणि एकीचीही टोकं जुळेनात. "कापायले चुकला ना बे?" मालक त्यांच्यावर खेकसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रॉइंगमधली फट मला तेव्हाच आठवली होती; मी स्क्रीनकडे तोंड वळवलं. "उद्यापासून येऊ नको," मालकांनी त्यांना सांगितलं. काकांनी आपली पत्र्याची कात्री पिशवीत टाकली, मला "येतो साहेब" म्हणाले आणि गेले. मग मी स्क्रीनवरची फट मिटवली. एक आकडा बदलावा लागला, एवढंच. काका आता हयात नाहीत. नवा कामगार माठाखालच्या कडीबद्दल विचारतो तेव्हा मालक आजही चूक त्यांचीच सांगतात, आणि मी तिथंच उभा राहून पाणी पितो.