आठ पावलं कमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि सुनंदा माझ्या पोटातलं बरंच काही न विचारता ओळखते. मग तुम्हालाच का? तुम्ही मारुतीला ओळखत नाही, म्हणून असेल.

मारुती माझा दोस्त. बारामतीच्या कॉलेजात आम्ही एकाच टीमला होतो — तो फॉरवर्ड, मी गोलकीपर. मी जळोचीचा, तो इंदापूरजवळच्या एका वाडीचा. बुटका, काटक, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. घरी आधी मोठा कळप होता मेंढरांचा, नंतर एक चुलता सोडून सगळे शेतीत आले. कॉलेज सुटलं तरी आमचा खेळ काही सुटला नाही. दोन्ही तालुक्यांतल्या आठ टीमा मिळून दर दिवाळीला स्पर्धा घ्यायच्या. ती कुठं भरवायची ते कमिटी ठरवायची, आणि त्यावरून दरसाल भांडण — कायम बारामतीकडंच का? इंदापूर काय नकाशात नाही?

चौऱ्याण्णवला वर्ल्ड कप अमेरिकेत झाला. मारुती पेपर वाचून नुसता पेटलेला. जिथले लोक फुटबॉल म्हणून भलताच चेंडू हातात घेऊन पळतात, त्यांना कप? कुणी दिला, काय बघून दिला? वर बसलेले सगळे आतून मिळालेले असतात, असं त्यावर मी म्हणालो होतो. मीच — हे ध्यानात ठेवा.

त्याच वर्षी मारुतीनं आपल्या वाडीसाठी दिवाळीच्या स्पर्धेची मागणी केली. मागणी जळोचीचीही होती. पण मारुतीनं दोन वर्षं खपून घरच्या पडीक रानाचं मैदान केलं होतं. सगळे दगड वेचले. मग चुलत्याची मेंढरं महिनाभर त्यावर बसवली, खतासाठी शेतात बसवतात तशी. पावसाळ्यात असं गवत आलं म्हणता! वाढलं की पुन्हा मेंढरं सोडायची, ती चरून सगळं एकसारखं करायची. असं मैदान आमच्या अख्ख्या कॉलेजानं पाहिलं नव्हतं.

कमिटीचा नियम असा, की मैदान लांबीला शंभर पावलं भरलं पाहिजे. एकानं जाऊन मोजायचं, त्याचा शब्द शेवटचा. ते काम माझ्याकडं आलं. हा तर जळोचीचा, असं कुणीतरी कुरकुरलं, तेव्हा मारुतीच उठून माझ्या बाजूनं बोलला. एकदा पंचाला दिसलं नव्हतं, पण चेंडू रेषेच्या आत गेला होता हे मी स्वतः सांगितलं होतं — ती गोष्ट त्यानं सगळ्यांना ऐकवली.

आता — कसं सांगू? माझं नवीन लग्न झालं होतं. सुनंदानं मला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. आपल्या गावात स्पर्धा, मी गोलमध्ये उभा, ती बायकांत बसून बघतेय... एवढंच होतं मनात. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मी मैदानाच्या एका टोकाला उभा राहिलो आणि ढांगा टाकायला लागलो. लांब ढांगा. नेहमीपेक्षा थोड्याच लांब, पण प्रत्येक. मारुती शेजारून जवळजवळ पळत मोठ्यानं मोजत होता. दुसऱ्या टोकाला ब्याण्णव झाली. त्याचा आवाज तिथंच थांबला.

"मी मोजली तवा एकशे एक भरली हुती," तो म्हणाला. मग स्वतःच्या पायांकडं बघून हसला. "बुटका हाय मी. माजी पावलं आखूड. तू मोजलंस म्हंजे तेच बरोबर."

तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? तोंड होतं की. त्याच्या आईनं केलेलं कालवण मी त्या दुपारी दोनदा मागून खाल्लं.

स्पर्धा जळोचीला झाली. मारुती आदल्या दिवशीच आला, मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेषा त्यानंच मारल्या. आणि सुनंदा? आठ टीमांचं पिठलं-भाकरी करायला बायकांबरोबर चुलीपुढं बसली ती दोन्ही दिवस उठलीच नाही. मी किती गोल अडवले, तिनं एकही पाहिला नाही.

तिकडं वाडीला मारुतीच्या वडिलांनी, आबांनी, मैदानाला लागून असलेली बाजरी उपटली होती. कणसात आलेली. मारुतीनं माझ्यासारख्या ढांगा टाकत आठ पावलं मोजून घेतली आणि मैदान वाढवलं, पुढच्या सालासाठी. पुढच्या साली स्पर्धाच झाली नाही. कुणी नोकरीला लांब गेलं, कुणाचा गुडघा गेला, कमिटी मोडली ती मोडलीच.

शहाण्णवला पेपरात आलं, की पुढचा एक वर्ल्ड कप जपान आणि कोरिया दोघांत वाटून दिला. माळेगावला उसाच्या ट्रॅक्टरमागं आमची एसटी अडकली होती, तेव्हा मारुती त्यावर बोलत होता. भांडण मिटवायला वाटून देतात म्हणजे काय, नीट मोजावं की एकदा, असं त्याचं म्हणणं. मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "तितं तुज्यासारखा एक मानूस पायजे हुता, गड्या."

मी खिडकीबाहेर ऊस बघत राहिलो.

मैदान अजून आहे. वाडीची टीम त्यावर खेळते. गोलकिक काही केल्या मधल्या रेषेपर्यंत पोचत नाही, आणि मारुती म्हणतो, त्यानं दम वाढतो. परवा गेलो होतो. तो चहा सांगायला घरात गेला तेवढ्यात मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो, साध्या पावलांनी. एकशे नऊ भरली. त्यातल्या वाढवलेल्या आठ ढांगा म्हणजे माझी साधी नऊ पावलं. तो कपबशा घेऊन आला, कुठं फिरत होतास म्हणाला. मी म्हणालो, कुठं नाही.

पहिल्यापासून ते शंभर पावलांचंच होतं.