पोपटरावांचे दोन शब्द

खुटबावच्या पोपटराव आबांना लग्नाचं आमंत्रण आलं नाही तरी चालायचं, पण दहाव्याचं चुकलेलं चालत नसे. दौंड तालुक्यात कुणीही गेलं की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर आबा हजर, आणि पिंड मांडून होतायत तोवर माईक आबांच्या हातात. गेलेला माणूस हयातीत कसाही असो, आबा त्याचा देवमाणूस करून टाकत. एकदा तर भावाचा बांध कोरून खाणाऱ्या एकाला त्यांनी ‘मातीवर जिवापाड प्रेम करणारा’ ठरवलं, तेव्हा तो भाऊसुद्धा रडला.

अलीकडे मात्र आबांचं भाषण फार लांबायला लागलं होतं. कावळा शिवायचा, भात खाऊन उडून जायचा, पुन्हा भूक लागून परत यायचा, तरी आबांचं ‘शेवटी एवढंच सांगतो’ चालूच. साळूबाई होती तेव्हा असं नव्हतं. आबांची ही बायको बायकांच्या घोळक्यात बसायची आणि पुरे झालं असं वाटलं की उभी राहून लुगड्याची माती झटकायची. आबा तिथल्या तिथं श्रद्धांजली वाहून खाली बसत. तिच्या स्वतःच्या दहाव्याला बाकीचे पुढारी बोलले. आबांनी डोळ्यांतून टिपूस न काढता सगळ्यांचे आभार मानले आणि घरी आले.

अशा माणसाच्या हाती पुण्याच्या एका धर्मादाय ट्रस्टचं अनुदान पडलं. आबांनी ते मागितलं होतं, कारण शेजारच्या गावाला मिळालं होतं. कशासाठी मिळालं, ही चौकशी त्यांनी नंतर केली. त्यांच्या हातून गेलेलं प्रत्येक अनुदान आजवर शेवटी सभामंडप झालं होतं. हे मात्र सिमेंटला चालणारं नव्हतं. गावातल्या पुरुषांनी दर गुरुवारी एकत्र बसायचं, मनात जे साचलंय ते बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढ्यासाठी ते होतं. सोबतीला ट्रस्टची समुपदेशक, शिरूरच्या मिशन कंपाउंडमधली इवा, येणार होती.

“आन् मंडप?” आबांनी विचारलं.

“सतरंजी आणि चहा,” इवा म्हणाली. “शिवाय थोडंफार साहित्य.”

साहित्य म्हटल्यावर आबांनी लगोलग माईक आणि भोंगा आणला. इवा पहिल्या गुरुवारी आली आणि देवळाच्या ओवरीत नऊ माणसांपुढे माईक बघून चक्रावली.

“आबा, हा कशाला?”

“मागच्यांना ऐकू जाया नको?”

मागे भिंत होती. पण आबांचंही बरोबरच होतं. माईकशिवाय चार माणसं जमतात ती फक्त पत्ते खेळायला, अशी त्यांची पक्की समजूत. शिखराजवळ बांधलेला भोंगाही त्यांनी चालू केला, काम सुरू झाल्याचं गावाला कळायला हवं म्हणून. मग इवाला शाल-श्रीफळ दिलं, स्वागत केलं आणि म्हाळूच्या हातात माईक देऊन सांगितलं, “म्हाळूनाना आता त्यांच्या दुःखावर दोन शब्द बोलतील.” भोंगा बंद करायचं ते साफ विसरले.

म्हाळू मुळात मुखदुर्बळ माणूस. पण इवा समोर बसून इतकं मन लावून ऐकत होती की त्याला कंठ फुटला. “सून बोलत न्हाई वो माझ्याशी,” तो म्हणाला. “ताट ठिवती आन् निघून जाती. मला भ्या वाटतं तिचं. दुसरी भाकर मागायचा धीर हुत न्हाई. अर्धपोटी उठतो.”

हे सगळ्या खुटबावनं ऐकलं. त्याची सून अनुपमा दारात भांडी घासत होती, तिनंही ऐकलं. दुसऱ्या दिवशी म्हाळू चहाच्या टपरीवर गेला तर कुणीतरी विचारलंच, “नाना, भाकर टाकू का?” तेव्हापासून म्हाळूनं घराबाहेर पाऊल टाकलं नाही, आणि पुढच्या गुरुवारी ओवरीत आबा, इवा आणि माईक एवढेच होते.

“आबा, असंच राहिलं तर मला ट्रस्टला खरं ते सांगावं लागेल,” इवा म्हणाली. “अनुदान बंद होईल, मीही यायची नाही.”

गावाचं नाक जाणार म्हणून आबा हळहळले. मग घरी येऊन कुलूप काढताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला नाकाचं एवढं काही वाटत नाहीये. गुरुवारी कुणी नसेल तर जायचं कुठं, ही खरी धास्ती होती. आता तालुक्यात रोज कोण मरणार!

ते सरळ म्हाळूच्या घरी गेले. म्हाळू भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“नाना, चुकलं माझं. चला.”

“माझं भोंग्यावर गेलं,” म्हाळू न वळता म्हणाला. “तुमचं बी जाऊ द्या. मग येतो.”

“हात्तिच्या! येवढंच व्हय?”

इवानं परोपरीनं सांगितलं, असं कुणी कुणावर लादायचं नसतं. पण भाषणाला भ्यायला आबा काय नवखे होते? त्यानंतरच्या गुरुवारी ओवरीच काय, पुढचं पटांगणही भरलं. फुकटची गंमत कोण सोडतो! म्हाळूही कोपऱ्यात येऊन बसला. बायका एका अंगाला बसल्या, त्यात अनुपमाही होती. आबांनी माईक घेतला, घसा खाकरला आणि “दुःखद अंतःकरणानं” इथं येऊन थांबले. पुढचं सगळं पाठ होतं, पण ते दुसऱ्यांच्या माणसांसाठी होतं.

“साळू गेली,” ते म्हणाले. भोंग्यातून स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले. “लोक म्हणत्यात, आबा लांबवतो. मला कळतं की! पर मी बोलताना बायकांकडं बघत राहतो. आता उठंल, मग उठंल. कुणी उठतच न्हाई. मग थांबावं कवा, ते कळत न्हाई. आन् थांबलो की घरी जावं लागतं. घरी कुणी न्हाई.”

आबा रडले. माईकवर, अख्ख्या गावादेखत, नाक ओढत रडले. हसायला आलेली माणसं खाली बघत राहिली. आबा मग बोलतच सुटले. साळूबाईचं दुखणं, तिचा राग, तिनं लावलेला शेवगा, सगळं.

तेवढ्यात बायकांतून अनुपमा उठली आणि तिनं साडी झटकली.

आबांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. “आवरतो, आवरतो,” ते घाईनं म्हणाले.

“आवरू नका, आबा,” अनुपमा म्हणाली. “नानांच्या भाकरी व्हायच्यात अजून. जास्तीच्या थापून येते. तवर पुढचं सांगू नका.”

ती गेली. आणि उभ्या जन्मात कुणाला माईक न सोडलेले आबा, तो हातात धरून, एक अक्षर न बोलता तिची वाट बघत उभे राहिले.